खोडलेल्या ओळींचा अभ्यास

विल्यम ब्लेक तांब्याच्या पत्र्यावर उलटी अक्षरं लिहायचा. आम्लाला दाद न देणाऱ्या द्रवात कुंचला बुडवून तो कविता आणि तिच्याभोवतीचं चित्र एकाच पत्र्यावर काढी. मग पत्रा आम्लात ठेवला की मोकळा भाग झिजायचा आणि अक्षरं उठून राहायची. त्यावर शाई लावून पानं छापायची, आणि छापलेलं एकेक पान तो व त्याची बायको कॅथरीन हाताने रंगवत. १७९४ साली 'साँग्ज ऑफ इनोसन्स अँड ऑफ एक्स्पीरियन्स' एकत्र निघालं ते याच पद्धतीने. त्यामुळे त्या पुस्तकाच्या कुठल्याही दोन प्रती तंतोतंत सारख्या नाहीत.

बी.ए.ला मी स्पेशल इंग्लिश घेतलं होतं. ब्लेकची 'द टायगर' आम्हाला होती. पाठ्यपुस्तकात ती साध्या काळ्या टायपात, खाली कठीण शब्दांचे अर्थ. वाघ कशाचं प्रतीक आहे यावर टीप हमखास यायची आणि गाइडमध्ये तिचं उत्तर तयार असायचं. ही कविता चित्रासकट एकाच पत्र्यावर जन्मली, हे वर्गात कोणी बोललं नाही. पुढे नोकरी, संसार यांत इंग्रजी कविता मागे पडली. बऱ्याच वर्षांनी रोमँटिक काळापासून पुढच्या ब्रिटिश साहित्याच्या एका ऑनलाइन अभ्यासक्रमाला नाव घातलं, आणि सुरुवातीलाच आमच्या शिक्षिकेने ब्लेक आर्काइव्ह उघडायला सांगितलं. १९९६ पासून हा संग्रह इंटरनेटवर आहे, बघायला पैसे पडत नाहीत. निरनिराळ्या ग्रंथालयांत विखुरलेल्या ब्लेकच्या प्रती तिथे शेजारी शेजारी लावून पाहता येतात.

मी 'द टायगर'चं पान लावलं. उजवीकडे वरपासून खालपर्यंत एक झाड, त्याच्या फांद्या कवितेच्या कडव्यांमध्ये घुसलेल्या, आणि तळाशी वाघ. प्रत बदलली की वाघाचा रंग बदलतो, आभाळ बदलतं. चेहरा मात्र कुठेच भयानक वाटत नाही. शब्दांत एवढी धग आणि खाली उभं हे जवळजवळ गरीब जनावर! ब्लेकने असं का काढलं असेल यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मला त्या रात्री एवढंच जाणवलं, की प्रतीकाचं तयार उत्तर या पानासमोर टिकत नाही. बघत राहावं लागतं.

तास ब्रिटनमध्ये संध्याकाळी असायचा, म्हणजे आपल्याकडे रात्री उशिरा. तिकडची घड्याळं हिवाळ्यासाठी मागे गेली की आणखी एक तास उशिरा. व्याख्यानं आधी ऐकून ठेवायची, थेट तासाला फक्त बोलायचं. शिक्षिकेची एक रीत होती. प्रत्येक लेखकाचं छापील पुस्तक वाचायच्या आधी किंवा वाचता वाचता त्याच्या हातचा एखादा कागद पडद्यावर आणायचा: मसुदा, रोजनिशी, पत्र, टिपण. साहित्याचा इतिहास शिकवायची याहून चांगली पद्धत मी पाहिलेली नाही, आणि ती इंटरनेटमुळेच शक्य झाली आहे. एरवी आपल्यातल्या कोणाला ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयातली वही उघडून मिळणार?

वर्ड्‌स्वर्थची डॅफोडिल्सची कविता घ्या. कवी एकटाच भटकतो आहे, असं ती सांगते. प्रत्यक्षात १५ एप्रिल १८०२ रोजी अल्सवॉटर तळ्याच्या काठाने तो बहीण डोरोथीबरोबर चालला होता. डोरोथीने ग्रासमियरच्या घरी लिहिलेल्या रोजनिशीत त्या दिवसाची नोंद आहे. वारा जोराचा होता, फुलांचा पट्टा काठाकाठाने लांबवर गेला होता, काही फुलं दगडांवर मान टेकून दमल्यासारखी पडली होती, असं सगळं तिने टिपलं आहे. भावाने कविता लिहिली त्यानंतर सुमारे दोन वर्षांनी. ती छापली गेली १८०७ मध्ये आणि त्यातलं एक कडवं आलं १८१५ च्या आवृत्तीत. सर्वांत गाजलेल्या दोन ओळी बायकोने, मेरीने सुचवल्या, हे त्याने स्वतःच सांगून ठेवलं आहे. एकांताची म्हणून प्रसिद्ध असलेली ही कविता तीन माणसांच्या घरात तयार झाली. यात मला कवीचं उणेपण दिसत नाही. डोरोथीचं नाव मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत त्या कवितेच्या शेजारी छापलं जायला हवं, असं ठामपणे वाटतं. तिचं गद्य वाचताना वारा अंगाला लागतो.

'फ्रँकेन्स्टाइन'च्या आठवड्याला तर मी झोपच विसरले. १८१५ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला, त्याने पुढच्या वर्षी युरोपचा उन्हाळा बुडवला. त्या पावसाळी, गारठलेल्या १८१६ मध्ये जिनिव्हाच्या तळ्याकाठी बायरन, शेली, डॉक्टर पॉलिडोरी आणि अठरा वर्षांची मेरी घरात कोंडली गेली आणि भुताच्या गोष्टी लिहायची पैज लागली. इथपर्यंतची कथा पुष्कळांना माहीत असते. त्यातून मेरीने लिहिलेल्या 'फ्रँकेन्स्टाइन'च्या मसुद्याची वही शेली-गॉडविन आर्काइव्हवर पानोपान वाचता येते, हे फारसं माहीत नसतं. तिथे एक सोय आहे: मेरीचं अक्षर आणि पर्सी शेलीचं अक्षर वेगवेगळं करून दाखवता येतं. एका निवडीने पर्सीच्या दुरुस्त्या तेवढ्या ठळक राहतात, दुसऱ्या निवडीने मेरीचा मजकूर.

ही कादंबरी खरी नवऱ्यानेच लिहिली, असं म्हणणारे लोक अजूनही भेटतात. त्यांनी ही पानं बघावीत. ओळींवर, समासात पर्सीने शब्द बदललेत, वाक्यं जोडलीत. पण पानामागून पान वाहतो तो हात मेरीचा आहे. हस्तलिखिताचे अभ्यासक चार्ल्स रॉबिन्सन यांचा हिशेब असा, की सुमारे ७२ हजार शब्दांच्या कादंबरीत पर्सीचे शब्द चार-पाच हजारांच्या घरात जातात. एखादा मनापासून काम करणारा संपादक करतो तेवढं त्याने केलं. पहिली आवृत्ती १८१८ च्या जानेवारीत लेखिकेच्या नावाशिवाय निघाली, अवघ्या ५०० प्रतींची.

कीट्सच्या तासाला एक इंग्लिश सहाध्यायी बोलल्या, निवृत्त नर्स होत्या. कीट्स लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये शिकलेला, १८१६ मध्ये औषधं देण्याचा परवाना मिळवलेला माणूस. भाऊ टॉम क्षयाने १८१८ च्या डिसेंबरमध्ये गेला, त्याची शुश्रूषा यानेच केलेली. पुढच्या वसंतात त्याच्या बहुतेक थोर ओड्स लिहून झाल्या. १८२० च्या फेब्रुवारीत थंडीतून घोडागाडीच्या वरच्या उघड्या जागेवर बसून तो घरी आला, खोकला, आणि चादरीवर पडलेला थेंब मेणबत्तीच्या उजेडात बघून मित्राला म्हणाला, की हे धमनीतलं रक्त आहे, आता मी वाचत नाही. त्या बाईंनी शांतपणे समजावलं, की शिरेतलं रक्त काळपट असतं, धमनीतलं लालभडक, आणि ज्याने वॉर्डात ते रोज पाहिलंय त्याला फरक क्षणात कळतो. त्या बोलत होत्या तेव्हा सगळे गप्प होते. वर्षभराने, २३ फेब्रुवारी १८२१ ला, कीट्स रोममध्ये वारला. वय २५. त्या तासानंतर मी ओड्स पुन्हा वाचायला घेतल्या तेव्हा त्यांतली सुखाची प्रत्येक गोष्ट, द्राक्षं, फुलं, सुगंधी अंधार, शरीर जाणणाऱ्या माणसाने मोजूनमापून निवडलेली वाटली.

व्हिक्टोरियन कादंबरी आम्ही हप्त्याहप्त्याने वाचली, जशी ती मुळात निघाली तशी. 'डेव्हिड कॉपरफील्ड' मे १८४९ पासून नोव्हेंबर १८५० पर्यंत दर महिन्याला ३२ पानं आणि दोन चित्रं अशी येत गेली, किंमत एक शिलिंग. पुढचं काय होणार हे वाचकांना माहीत नव्हतंच, पण डिकन्सलाही सगळं ठरलेलं नव्हतं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये त्याच्या आराखड्यांचे कागद आहेत. डाव्या बाजूला तो स्वतःलाच प्रश्न विचारतो आणि उत्तरंही देतो, उजव्या बाजूला प्रकरणांची आखणी. डेव्हिडची कोवळी बायको डोरा हिला मारायचं की नाही, हे १८५० च्या मे महिन्यातही नक्की होत नव्हतं, असं त्याने मित्र फॉर्स्टरला कळवलं आहे. शेवटी ती मेली. त्याच ऑगस्टमध्ये डिकन्सला मुलगी झाली, तिचं नाव त्याने डोरा ठेवलं, आणि ते बाळ पुढच्या एप्रिलमध्ये गेलं.

हप्त्यांची ही रीत आपल्याला परकी नाही. ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' 'करमणूक'मधून अशीच येत होती, आणि यमूचं पुढे काय होतं यासाठी घरोघरी वाट पाहिली जात असणार. एका बैठकीत कादंबरी संपवायची आपली सवय अलीकडची आहे. मी हप्ते पाळले आणि मधल्या दिवसांत पात्रं डोक्यात राहायला आली.

'जेन एअर' (१८४७) वाचताना मी एका जागी थबकले. धर्मोपदेशक सेंट जॉन रिव्हर्स जेनला हिंदुस्थानात न्यायला निघतो आणि त्यासाठी तिला हिंदुस्थानी भाषा शिकायला बसवतो. इंग्लंडमधल्या माळावर, चुलीशेजारी, ती आपली भाषा गिरवते आहे! कॉलेजात ही कादंबरी प्रेमकथा म्हणून झाली होती. वेस्ट इंडिजमधून आलेली आणि माळ्यावर कोंडलेली नायकाची पहिली बायको बर्था, मदेइरात बसलेल्या काकाकडून आलेला पैसा, हिंदुस्थानची वाट धरलेला पाद्री: साम्राज्य त्या कादंबरीच्या प्रत्येक खोलीत आहे. जीन ऱ्हीसने १९६६ मध्ये 'वाइड सारगॅसो सी' लिहून बर्थाला तिची गोष्ट परत दिली. दोन्ही लागोपाठ वाचावीत.

रॉबर्ट ब्राउनिंगच्या कवितांना अभ्यासक्रमात कमी वेळ मिळाला, हे खटकलं. पण त्याचा आवाज ऐकायला मिळाला. १८८९ च्या एप्रिलमध्ये एका मित्राच्या घरी एडिसनच्या यंत्रापुढे तो स्वतःची कविता म्हणायला लागतो, काही ओळींनंतर अडखळतो, माफी मागतो आणि स्वतःचीच कविता आठवत नाही म्हणून सांगतो. जमलेली मंडळी त्याचा जयजयकार करतात. खरखरीतून येणारा तो आवाज ७६ वर्षांच्या माणसाचा आहे. त्याच डिसेंबरात तो गेला. हेडफोन लावून मी ते पुन्हा पुन्हा ऐकलं.

विल्फ्रेड ओवेनची हस्तलिखितं ऑक्सफर्डच्या पहिल्या महायुद्धाच्या कवितांच्या डिजिटल संग्रहात आहेत. १९१७ मध्ये एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात तो उपचार घेत होता, तिथेच वरिष्ठ कवी सिगफ्रीड ससून होता. 'अँथेम फॉर डूम्ड यूथ'च्या मसुद्यावर ससूनची पेन्सिल फिरलेली दिसते. शीर्षकातला 'डूम्ड' हा शब्दही त्याचाच. ओवेन ४ नोव्हेंबर १९१८ ला मारला गेला. घरी तार पोचली ११ नोव्हेंबरला, युद्ध थांबलं त्या दिवशी. त्याच्या टिपणवहीत रवींद्रनाथांच्या 'गीतांजली'तल्या ओळी उतरवलेल्या होत्या. निरोप घेताना मुलाने त्याच ओळी म्हटल्या होत्या, असं त्याच्या आईने १९२० मध्ये रवींद्रनाथांना पत्राने कळवलं. हे मी तासाला सांगितलं तेव्हा तिथल्या बऱ्याच जणांना ते नवीन होतं. त्याच युद्धात मेसोपोटेमियातल्या कुतच्या वेढ्यात मराठा पलटणी अडकल्या होत्या, हेही त्यांना नवीन होतं.

टी. एस. एलियटच्या 'द वेस्ट लँड'चा (१९२२) मसुदा बरीच वर्षं बेपत्ता होता. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात तो असल्याचं १९६८ मध्ये जाहीर झालं आणि १९७१ मध्ये त्याची छायाप्रत पुस्तकरूपाने आली. बॉस्टनमधल्या एका रात्रीचं लांबलचक आरंभीचं वर्णन एलियटने स्वतः काटलं. समुद्रप्रवासाचा मोठा भाग एझरा पाउंडच्या पेन्सिलीखाली कोसळून दहा ओळींवर आला. शेवट बृहदारण्यक उपनिषदाकडे जातो. शिक्षिकेने मला ते संस्कृत शब्द मोठ्याने म्हणायला सांगितले आणि त्यांमागची प्रजापतीची गोष्टही. उपनिषदात देवांना दमनाचा, माणसांना दानाचा आणि असुरांना दयेचा उपदेश या क्रमाने येतो. एलियटने दान पुढे आणलं, दमन शेवटी ठेवलं. तो क्रम त्याने विचार करूनच बदलला असणार, असं माझं मत आहे.

अभ्यासक्रम संपल्यावर मी केशवसुतांकडे वळले. इंग्रजी रोमँटिक कवितेचं वारं मराठीत आणणाऱ्या या कवीचा एकही संग्रह त्यांच्या हयातीत निघाला नाही. ७ नोव्हेंबर १९०५ रोजी हुबळीला प्लेगने ते गेले. ब्लेकच्या किंवा ओवेनच्या बाबतीत घरबसल्या जे बघता येतं ते आपल्या कवींच्या बाबतीत मला बघता आलं नाही, आणि ते व्हायला हवं. म्हणून वाचकांना विनंती: आजोबांच्या पेटीत, माळ्यावरच्या ट्रंकेत एखाद्या मराठी कवीची वही, लेखकाचं पत्र, नाटकाचं हस्तलिखित असेल तर ते रद्दीत जाऊ देऊ नका. प्रत्येक पानाचा स्वच्छ फोटो काढून ठेवा आणि जवळच्या विद्यापीठाच्या मराठी विभागाला किंवा महाराष्ट्र साहित्य परिषदेला कळवा. सुवाच्य करून लिहिलेली प्रत आणि खाडाखोडीची प्रत अशा दोन्ही सापडल्या, तर खाडाखोडीची आधी जपा.