पुरात लाईट असते का?

दसरा चौकातून जाताना मुस्लिम बोर्डिंग दिसले की १९०६ साल आठवते. राजर्षी शाहू महाराजांनी मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी त्या वर्षी ते सुरू केले. तिथून सुतारवाडा जवळच आहे. पंचगंगा फुगली आणि जयंती नाल्याचे पाणी मागे फिरले की कोल्हापुरात ज्या वस्त्यांना आधी घर सोडावे लागते, त्यांतली ही एक. माझी खाला याच भागात राहते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेले. इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट असते. खालाला रात्री जाग आली ती पायाला पाणी लागल्यावर. माणसे वाचली, अल्हम्दुलिल्लाह. पण रेशनकार्ड आणि निकाहनामा यांचा लगदा झाला. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच पाणी.

यंदा नववीतली माझी लेक म्हणाली, "अब्बा, नानीच्या दारात पाणी यायच्या आधी वाजेल अशी घंटा मी करते."

असरनंतर आम्ही दोघे व्हीनस कॉर्नरवरून शाहूपुरीत गेलो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मायक्रोकंट्रोलर बोर्ड मागितला. हा तळहातावर मावणारा छोटा संगणक. एकदा प्रोग्रॅम भरला की तेच काम तो रात्रंदिवस करत राहतो. काउंटरवर तीन-चार प्रकार आले. अर्डुइनो हे नाव बहुतेकांनी ऐकलेले असते. ते २००५ साली इटलीतल्या इव्रेआ गावात, विद्यार्थ्यांना स्वस्तात शिकता यावे म्हणून सुरू झाले. त्याच्या उनो बोर्डचा वेग १६ मेगाहर्ट्झ आणि रॅम फक्त २ किलोबाइट. शेजारच्या ईएसपी३२ चा वेग २४० मेगाहर्ट्झ, रॅम ५२० किलोबाइट, शिवाय वाय-फाय आणि ब्लूटूथ. मी आकडे पाहिले आणि ईएसपी३२ उचलला. मोबाइलवर मेसेज येईल, आणखी काय हवे?

घरी आल्यावर दोन दिवस बोर्ड कॉम्प्युटरला दिसेचना. शेवटी कळले की आमची यूएसबी केबल फक्त चार्जिंगची होती, तिच्यात डेटाच्या तारा नव्हत्या. मग अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर जोडला. तो ५ व्होल्टवर चालतो आणि तेवढाच सिग्नल परत देतो. ईएसपी३२ ची पिन ३.३ व्होल्टची. मधे दोन रेझिस्टर घालून व्होल्टेज उतरवायचे असते, हे आम्ही वाचलेच नव्हते. तिसऱ्या दिवशी ती पिन गेली. लेकीचा चेहरा उतरला.

सेन्सरसाठी पत्र्याची पेटी हवी होती म्हणून उद्यमनगरला गेलो. ऑइल इंजिनापासून उसाच्या चरकापर्यंत सगळे जिथे घडले, त्या गल्ल्यांत आजही लेथचा आवाज थांबत नाही. ओळखीच्या मिस्त्रींनी हातातले काम ठेवले आणि लेकीला विचारले, "काम काय करायचंय ते आधी सांग, पोरी."

तिने सगळे सांगितले. ते म्हणाले, "पुरात लाईट असते का?"

आम्ही दोघे गप्प. पाणी चढले की वीज आधी बंद करतात. वीज गेली की वाय-फाय गेले. ज्या गुणासाठी मी बोर्ड घेतला, तो नेमका गरजेच्या रात्री कामाचा नव्हता.

"नुसती घंटाच हवी तर तरंगता स्विच आणि सेल पुरे," ते म्हणाले. पण लेकीला पाणी किती वेगाने चढते तेही हवे होते, म्हणजे काही वेळ हातात राहील. म्हणून बोर्ड लागणारच होता.

दुसऱ्या फेरीत यादी तिने केली. बॅटरीवर चालावा, सेन्सर सरळ जोडता यावा, बिघडला तर परत घेणे परवडावे. त्यात अर्डुइनो नॅनो बसला. तो ५ व्होल्टचा असल्याने सेन्सरशी जमतो. अर्डुइनोने आपली रचना सर्वांना खुली ठेवल्याने इतरांनी बनवलेले नॅनो बरेच स्वस्त मिळतात. त्यांतल्या अनेकांवर सीएच३४० ही यूएसबी चिप असते, तिचा ड्रायव्हर कधी कधी वेगळा टाकावा लागतो.

पॉवर बँक लावून पाहिली, तर ती थोड्या वेळाने आपोआप बंद पडायची. इतका कमी करंट घेतला की अनेक पॉवर बँकांना काही जोडलेलेच नाही असे वाटते. शेवटी सहा पेन्सिल सेल लावले. सेन्सरही जलरोधक घेतला. त्याला सुमारे २० सेंटीमीटरपेक्षा जवळचे नीट मोजता येत नाही, म्हणून पेटी भिंतीवर उंच ठोकली.

तुमच्या घरातले मूल असा बोर्ड मागत असेल तर दुकानात जाण्याआधी त्याला काम कागदावर लिहायला सांगा. मोबाइलवर माहिती हवी असेल आणि वीज, वाय-फाय कायम असेल तर ईएसपी३२ उत्तमच. नुसते शिकायचे असेल तर उनो बरा. पुस्तके आणि उदाहरणे भरपूर मिळतात.

परवा अंगणात टब भरून चाचणी घेतली. पाणी चढले तशी शिट्टी भरभर वाजू लागली. खाला म्हणाली, "हे वाजलं की मी काय करायचं?"

"कागदांची पिशवी उचलायची, नानी, आणि आम्हाला फोन करायचा. महापालिकेची माणसं आधी आली तर शिट्टीची वाट बघायची नाही."

पेटीखालच्या खिळ्याला आता प्लॅस्टिकची पिशवी टांगलेली आहे. नवे रेशनकार्ड तिच्यात आहे.