हात धुणे म्हणजे विटाळ मानणे नव्हे

पाय मोडला म्हणून दवाखान्यात दाखल केलेला माणूस आठ दिवसांनी न्यूमोनियाने जातो. घरचे म्हणतात, नशिबातच होते. आपण बौद्ध आहोत. कारणाशिवाय कार्य घडत नाही, हे तथागतांनी आपल्याला शिकविले. तेव्हा नशीब बाजूला ठेवून कारण पाहिले पाहिजे.

दाखल झाल्यावर ४८ तास उलटून गेल्यावर जो न्यूमोनिया होतो, त्याला दवाखान्यात लागलेला न्यूमोनिया म्हणतात. आडव्या पडलेल्या अशक्त रोग्याची लाळ घशातून फुफ्फुसात उतरते. श्वासासाठी घशात नळी घातलेली असेल तर धोका फारच वाढतो. क्लेब्सिएला, सुडोमोनास असले जंतू साध्या औषधांना दाद देत नाहीत. ते एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जातात कसे? पुष्कळदा डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय, मावशी यांच्या हातांवरून आणि नीट साफ न केलेल्या नळ्यांवरून.

हाताची ही गोष्ट जुनी आहे. १८४७ साली व्हिएन्नाच्या इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर व विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. बाळंतरोगाने जास्त बाया मरत त्या डॉक्टरांच्या विभागात! कारण ते मुडदे चिरून तसेच बाळंतिणीकडे येत. डॉक्टर सेमेलवाईस यांनी क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली आणि मृत्यू झपाट्याने घटले. तरीही अनेक बड्या डॉक्टरांना ते पटले नाही. आमच्या हातांनी माणसे मरतात, हे शिकलेल्या माणसाला ऐकवत नाही. तो रोग वेगळा होता, पण हातावरून जाण्याची वाट हीच.

वस्तीतल्या रोग्यांसाठी मला दवाखान्यात नेहमी जावे लागते. एका दवाखान्यात पाहिलेला प्रसंग सांगते. रोग्याच्या मुलीने वॉर्डातल्या मावशींना विचारले, "हात धुतले का?" मावशी आपल्याच समाजाच्या. चेहरा पडला. नंतर जिन्यात मला म्हणाल्या, "ताई, आत्ताच डागदर पाच खाटा तपासून गेले. त्यांना कोणी विचारलं नाही. माझ्याच हाताची घाण दिसली व्हय?"

मावशींचे दुःख खोटे नाही. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या शिवू नको म्हणून हाकलले, ज्याला पाण्याला हात लावण्यासाठी १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला, त्याला हाताबद्दलचा प्रश्न झोंबणारच. पण विटाळ जात पाहतो, जंतू जात पाहत नाही. म्हणून प्रश्न विचारायचा तर आधी डॉक्टरसाहेबांना विचारा, मग सिस्टरला, मग मावशींना, आणि त्याआधी स्वतःला. साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद, किंवा हातावर चोळायच्या औषधाने २० ते ३० सेकंद, एवढेच काम आहे. हातमोजे घातले म्हणून सुटका नाही. एकाच मोज्याने दहा खाटा फिरल्या तर मोजाच जंतू वाहतो.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी भिक्खू स्वतःच्या घाणीत पडलेला होता. सोबतचे भिक्खू त्याच्याकडे बघत नव्हते. भगवंतांनी स्वतः पाणी ओतले, आनंदांनी त्याला धुतले आणि दोघांनी उचलून त्याला खाटेवर निजविले. चांगल्या शुश्रूषकाचे गुण सांगतानाही, मलमूत्र, थुंकी काढण्याची किळस नसावी, असे त्यांनी सांगितले आहे. मावशींचे काम म्हणजे हेच काम. त्याला हलके म्हणणाऱ्याने हे वाचावे.

पण मावशींनी हात धुवायचे कशाने? त्या वॉर्डात बेसिन होते, साबण नव्हता. कंत्राटी कामगार ताप-खोकला घेऊन कामावर येतो, कारण खाडा झाला की रोज बुडतो. असा खोकणारा माणूस रोग्याजवळ उभा राहिला, तर दोष एकट्या त्याचा कसा? ई.एस.आय. कापला जात असेल आणि अटी पुऱ्या होत असतील, तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के भत्ता मिळतो. कंत्राटदार हे आपण होऊन सांगेल, अशी आशा धरू नका. फ्लूची लस दरवर्षी डॉक्टरांइतकीच सफाई कामगारालाही मिळाली पाहिजे.

घरच्यांसाठी थोडे. डॉक्टरांची हरकत नसेल तर रोग्याची उशाकडची बाजू उंच ठेवावी, तोंड स्वच्छ ठेवावे, खोकला असलेल्या पाहुण्याने भेटायला जाऊ नये.

वॉर्डात साबण नसेल तर भांडू नका. वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे दोन ओळींचा अर्ज लिहा: अमुक वॉर्ड, अमुक तारीख, बेसिनला साबण नाही. मी कारकून आहे, म्हणून सांगते, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.