डाव्या पायाचे पेन्शन

निवृत्तीच्या वेळी सारा मनुष्य एकदम निवृत्त होतो, हा समज खोटा आहे. माझा डावा गुडघा सर्वांच्या आधी निवृत्त झाला. चाळीस वर्षे क्लच दाबून तो इतका कुरकुरू लागला, की घरातल्या तरुण मंडळींनी ठराव केला : गाडी विका आणि स्वस्थ बसा. स्वस्थ बसणे म्हणजे काय, हे तरुणांना कुठून ठाऊक असणार! माझी अक्का पाचगणीस असते. दर रविवारी वाईहून पसरणीचा घाट चढून तिच्याकडे चहाला जायचे, हा माझा नेम. तिने पंचाऐंशी गाठली आहे. या वयात कोणाला ‘पुढे कधीतरी येतो’ असे सांगू नये. तेव्हा मी क्लच नसलेली गाडी घेतली.

क्लच नसलेली हे आपले म्हणायचे. १९४० सालच्या ओल्ड्समोबिलमध्ये अमेरिकनांनी स्वयंचलित गिअर आणले, तेव्हा इंजिनाचे बळ तेलाच्या मध्यस्थीने पुढे जाई. आपल्याकडे २०१४ साली मारुतीच्या सेलेरियोने रूढ केलेली स्वस्त तऱ्हा निराळी. तीत क्लचची तबकडी नेहमीचीच, गिअरही नेहमीचेच. फक्त आपल्या हातापायांचे काम एक यंत्र करते. माझी गाडी दुसऱ्या कंपनीची, पण जात हीच.

ही जात धक्के देते अशी लोकांची ओरड असते. देते खरी, पण कोणाला? ॲक्सिलरेटरवर पाय रोवून बसणाऱ्याला! गाडी गिअर बदलू लागली, की क्षणभर पाय हलका करावा. मान हलतसुद्धा नाही. आणि यात नवे ते काय? हाताने गिअर टाकताना आपण हेच तर करीत होतो.

घाटात मात्र तिच्या अकलेवर विसंबू नये. तिला पुढचे वळण दिसत नाही. चढावर ती दुसरा की तिसरा अशा घोळात पडते. मग दांडा ‘एम’च्या खाचेत सारून मी दुसरा कायम करतो. ट्रक ओलांडायचा तर आधीच एक गिअर उतरवावा. ऐन वेळी पाय पुरता दाबला, तरी ती विचार करायला पळभर घेतेच. चढावर वाहने तुंबली, तर नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नये. तबकडी जळते, आणि तिचा वास नाकाला कळेपर्यंत खिशाचे व्हायचे ते होऊन गेलेले असते. ब्रेक लावून उभे राहावे. उतरतानाही दुसराच गिअर. इंजिन गाडीला मागे ओढून धरते आणि ब्रेक तापत नाहीत.

पेन्शनर डावा पाय अजून वळण आले की आपसूक उचलला जातो. त्याला मी कोपऱ्यात दाबून बसवतो. ब्रेकला हात लावू देत नाही — म्हणजे पाय. क्लचच्या जुन्या सवयीने त्याने तो दाणकन दाबला, तर मागची एस. टी. थेट आमच्या डिकीत येईल.