हरळीचं रान

आमच्या ओढ्याकडच्या तीन एकराला गावात हरळीचं रान म्हणायचे. मंगळवेढ्याकडची काळी जमीन म्हणजे ज्वारीचं कोठार. रब्बीला ओल सापडली की मालदांडी माणसाच्या डोक्यावर जाते. असल्या जमिनीत कुणाच्या हरळी दिसली, तर लोक रानाला नावं ठेवत नसत, घराला ठेवायचे. हरळी आली म्हणजे त्या घरात हात कमी पडले, एवढा साधा हिशेब.

आमच्या घरात हात कमी पडले ते १९७० च्या सुगीत. आण्णा कडब्याच्या गंजीवरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. पुढं दोन वर्षं ते धड उभे राहिले नाहीत. घराजवळचं रान वाट्यानं दिलं, ओढ्याकडचं कुणी घेईना. तिथं बांधाला हरळी होतीच, ती दोन पावसाळ्यांत खाली उतरून निम्म्या रानात गेली. लांबून बघावं तर हिरवंगार, मऊ. पण कुळव घातला की चार हातांवर फास अडकायची, बैल थांबायचे आणि फासेला गुंडाळून काशांचा भारा वर यायचा.

ज्यानं हरळी काढली नाही त्याला काशा म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. हरळी वर बोटभर दिसते. तिचे धावरे जमिनीवर पसरतात आणि पेरापेराला मूळ धरतात. पण खरी हरळी जमिनीच्या पोटात असते. पांढऱ्या, करंगळीपेक्षा बारीक, सुतळीसारख्या चिवट काशा हातभर खोल गेलेल्या असतात. तुटलेलं पेर ओलीत राहिलं की त्याचं नवं गवत होतं. त्यामुळं असल्या रानात पावसाळ्यात हलका नांगर फिरवणं म्हणजे पैसे देऊन हरळी पेरणं. आमच्या वाटेकऱ्यानं एकदा तेच करून ठेवलं होतं.

थोरले चुलते, तात्या, एक दिवस सोप्यात येऊन बसले. "हरळीचं रान भाईरचं कोण घेतंय? मी घेतो. घरातलं घरात ऱ्हाईल," म्हणाले. आण्णा आपल्या पायाकडं बघत राहिले. त्यांचं मौन म्हणजे होकारच होता. आई दाराआडून म्हणाली, "भावजी, येवढा उन्हाळा जाऊ द्या. न्हाई निघाली तर तुमालाच देऊ."

तो उन्हाळा बहात्तरच्या दुष्काळाचा. पाऊस आलाच नव्हता, रब्बी पेरलीच नव्हती. आई पाझर तलावाच्या कामावर जायची. तिथली सुकडी पदरात बांधून आणायची, घरात रेशनची लाल मिलो शिजायची. मी सहावीत होतो. कामावरून आली की चुलीवर काहीतरी टाकून ती पहार आणि टिकाव घेऊन ओढ्याकडं निघायची, मागं मी. दिवसभर माती वाहायची आणि रात्री परत मातीतच, तेही पेरणीची आशा नसताना. बायका हसायच्या. मलाही ते खूळच वाटायचं.

पण तिचा हिशेब उलटा होता. ओल नसली की काशी मरते, आणि इतकी कोरडी जमीन परत कधी मिळणार? काळ्या रानाला भेगा पडलेल्या, माझा हात कोपरापर्यंत आत जाई. आई भेगेत पहार घालायची, दांड्यावर अंगाचा भार द्यायची आणि अख्खं ढेकूळ बाहेर काढून पालथं ठेवायची. खालची काशी वर आली पाहिजे, ऊन तिच्यावर पडलं पाहिजे. ढेकूळ फोडायचं नाही. "फोडलंस तर काशी तुटती. ऊन फोडंल त्येला." मी टिकावाचे घाव घालून मर्दुमकी दाखवायला जाई आणि शिव्या खाई. चांदणं असलं की दहा-अकरापर्यंत आम्ही तिथंच. एका रात्रीत चटईएवढी जागा व्हायची. मी एकदा सगळ्या रानाला किती रात्री लागतील ते मोजायला बसलो, तर आई म्हणाली, "मोजू नगंस. मोजलं की हात थांबतो."

दोन बैलांतला एक सांगोल्याच्या बाजारात मिळेल त्या भावाला गेला होता. राहिलेल्या पाखऱ्याला फेब्रुवारीतच कडबा संपला. मग आई काशा पाटीत भरून घरी आणू लागली. धुवायला पाणी कुठलं? दगडावर आपटून माती झाडायची, कोयत्यानं तोडायच्या आणि गव्हाणीत टाकायच्या. पाखऱ्यानं त्या खाल्ल्या. बरगड्या मोजून घ्याव्यात असा झाला होता, पण जगला. "रान खाल्लं हिनं, पर बैल राखला," असं आई पुढं कितीतरी वर्षं सांगायची. हरळीला तिनं शिवी दिलेली मी ऐकली नाही.

त्र्याहत्तरला पाऊस झाला. वळवानं ढेकळं विरघळली आणि वाळलेल्या काशा केसांसारख्या मोकळ्या झाल्या. कुळवाच्या पाळीमागून पाळी द्यायची, मागून आम्ही वेचत जायचं. पाट्या भरून रस्त्यापलीकडं टाकायच्या, वाळल्या की पेटवायच्या. एकदा कंटाळून मी दोन पाट्या बांधावरच रिकाम्या केल्या. अंधार पडला होता, तरी आईनं मला सगळं परत भरायला लावलं. पुढच्या उन्हाळ्यात परत तेच सगळं, फक्त जागा थोडी. त्यानंतरच्या रब्बीला तिथं ज्वारी उभी राहिली. तात्या बांधावरून चालत गेले, काही बोलले नाहीत.

ते रान मी २००९ मध्ये विकलं. आण्णा गेले होते, मी पुण्यात, वाटेकरी मिळत नव्हता. अशी कारणं सगळ्यांकडं असतात, माझ्याकडंही होती. आलेल्या पैशात कर्जाची भर घालून पुण्याच्या कडेला घर बांधलं. तालुक्याच्या कचेरीत आईनं अंगठा दिला, पदराच्या टोकाला शाई पुसली आणि विचारलं, "यस्टी कितीला हाय?"

घरापुढं चारशे चौरस फूट जागा राहिली. आमच्या हिला तिथं लॉन पाहिजे होतं, खरं म्हणजे मलाही पाहिजे होतं. माळ्यानं लाल माती पसरली, टेम्पोतून गवताच्या गाद्या आणल्या आणि फरशीसारख्या बसवल्या. अठरा हजार घेतले. दोन महिने दृष्ट लागावी असं दिसत होतं. पहिल्या पावसात त्यातून लव्हाळा वर आला. कापलं की चार दिवसांत बाकीच्या गवतापेक्षा चार बोटं उंच, पिवळट, चकचकीत. काडी चिमटीत धरून फिरवली की तीन कडा लागतात, त्यावरून ओळखायचा. लाल मातीतून त्याच्या गाठी आल्या असणार.

उपटला तर पान हातात यायचं, गाठ खाली राहायची. खुरप्यानं उकरला तर काळ्या गाठी एकामागून एक, माळेत ओवल्यासारख्या. मी माळ तोडली, आणि एका गाठीच्या जागी पाच कोंब आले. माळ अखंड असली की पुढची गाठ जागी असते, मागच्या झोपलेल्या. तोडली की सगळ्या जाग्या होतात, हे मला नंतर कळलं. गाठीला वास मात्र छान येतो. दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथा याच घराण्यातला. शेवटी दुकानातून ग्लायफोसेट आणलं आणि ब्रशनं एकेका पानाला लावत बसलो. जिथं थेंब सांडला तिथं लॉन जळालं. ताटाएवढे पिवळे डाग पडले आणि पंधरा दिवसांनी त्या डागांतून लव्हाळाच पहिला उगवला.

त्या पावसाळ्यात आई राहायला आली. सत्तरी ओलांडलेली. सकाळी चहाचा कप घेऊन पायरीवर बसली, बराच वेळ लॉनकडं बघत राहिली, मग उठून खाली वाकली आणि एक धावरा उचलून पेर बघितलं.

"आरं, ही हरळी हाय."

"लॉन आहे आई. बर्म्युडा म्हणतात."

"म्हनू द्या. हरळी हाय." आणि खरंच होती. जात निवडलेली, पान बारीक, पण हरळीच. हे मलाही कधीतरी लक्षात यायला पाहिजे होतं.

"आपसूक आली?"

"नाही. लावून घेतली."

"इकत?"

"हो."

"कितीला?"

"आठशे," मी म्हणालो. ही आतून ऐकत होती, तीही काही बोलली नाही. आई हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. काडी परत जमिनीवर न टाकता तिनं ती कंपाउंडच्या भिंतीवर वाळत ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून ती पाट घेऊन लव्हाळ्यापाशी बसू लागली. खणायचं नाही, माळ तोडायची नाही. चार-पाच पानं आली की बुडाशी धरून काढायचा. आठ-दहा दिवसांनी परत, मग परत, एकही खाडा नाही. पान वर राहिलं तर ते खाली नवी गाठ भरतं, पान मिळालंच नाही तर जुन्या गाठीचं बळ सरत जातं. "गाठ उपाशी मारायची," ती म्हणायची. माझ्याही दोन चुका काढल्या. "पानी लई मारतोस. आन् हरळी लई खाली कापतोस. जरा उंच ऱ्हाऊ दे, तिची सावली पडू दे त्येच्यावर." आयुष्यात पहिल्यांदा ती हरळीच्या बाजूनं बोलत होती. गणपतीत एकवीस दुर्वांच्या जुड्याही तिनं तिथूनच काढल्या.

दिवाळीपर्यंत लव्हाळा निम्म्यावर आला. नळाजवळच्या कोपऱ्यात, जिथं पाणी ठिबकतं, तिथं तो हटला नाही. पुढच्या पावसाळ्यातही तिथं होता आणि आईही पाटावर होती.

त्याच सुमाराला मी एका लग्नाला गावी जाऊन आलो. ओढ्यावरून रस्ता जातो, बघायचं नाही म्हटलं तरी रान दिसतं. घेणाऱ्यानं ते नुसतं घेऊन ठेवलंय, पेरलेलं नाही. परत आलो तेव्हा आई नळाजवळ बसली होती. हातातलं खुरपं न थांबवता तिनं विचारलं, "वड्याकडचं रान बघितलंस?"

मी ज्वारी आहे म्हणून सांगणार होतो.

"हरळी आलीया," म्हणालो.

"कुठवर?"

"लिंबापतोर."

आईनं खुरपं बाजूला ठेवलं, हाताची माती झाडली. मनात बांधापासून लिंबापर्यंतचं अंतर धरत असावी.

"मग लई न्हाई," ती म्हणाली. "दोन उन्हाळ्यात निघंल." आणि पाट पुढं सरकवला.