चिमणीची मान

आजही बोटाला सुई टोचलीच. लोकरीत खाचांची सुई टोचून-टोचून ती घट्ट करत चिमणी करायला घेतली होती. पोट जमलं, मान मात्र लोंबतेय. चूक अल्पाकाची, म्हणजे माझीच. पेरूच्या डोंगरातल्या या जनावराची लोकर हाताला सायीसारखी लागते, म्हणून हौसेनं सगळी तीच वापरली. पण तिच्या तंतूंवरचे खवले मेंढीच्या लोकरीपेक्षा सपाट; एकमेकांत अडकायचं सोडून निसटतात. आता आत मेंढीची लोकर घट्ट वळून घेईन, अल्पाका फक्त वरून, पिसांपुरती.

सुई दिसायला साधी, पण तिच्या तीन कडांना बारीक खाचा. सरळ आत, सरळ बाहेर. जरा तिरकी ओढली की कट्टकन मोडते. ढोबळ आकाराला ३६ नंबरची, चोचीजवळ ४०ची. खालच्या स्पंजावर तासन्‌तास नुसती खर्र खर्र. शेजारच्यांना काय वाटत असेल कोण जाणे!

आई चष्मा सावरत म्हणाली, "अगं, हा तर बुरणूस! चिमणीएवढा." खरंच की. ते कांबळंही विणत नाहीत, लोकर दाबून-मळूनच करतात. तिथं पाणी आणि हातांचा जोर, इथं सुई.

मान सोडवून नव्यानं करावी, तर एकदा घट्ट बसलेली लोकर पुन्हा सुटी होत नाही. शेवटी कात्रीनं मान कापली. बिनमानेची चिमणी खिडकीत बसलीय.