रघुबीरनगरची पहाट

डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन दुपारच्या वेळी दारोदार फिरणारी बोहारीण मराठी घरांना नवी नाही. दोन पँटी, तीन सदरे आणि एक साडी यांच्यावर स्टीलचे पातेले द्यायचे की नुसता डबा, यावरून उंबरठ्यावर रंगणारी घासाघीस अनेकांच्या आठवणीत असेल. सौदा पटला, गाठोडे बांधले गेले आणि ती जिना उतरली की घरच्यांच्या दृष्टीने व्यवहार संपतो. कपड्यांचा प्रवास मात्र तेथूनच सुरू होतो. हा प्रवास जेथे उघड्या डोळ्यांनी पाहता येतो, अशा ठिकाणांपैकी एक म्हणजे पश्चिम दिल्लीतील रघुबीरनगर. तेथील जुन्या कपड्यांचा बाजार ‘घोडा मंडी’ या नावाने ओळखला जातो.

हा बाजार सूर्योदयापूर्वी भरतो. गुजरातेतून दिल्लीत येऊन स्थिरावलेल्या वाघरी समाजातील, म्हणजे आता देवीपूजक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समाजातील स्त्रिया आदल्या दिवशी वस्त्या-वस्त्यांतून भांड्यांच्या बदल्यात मिळवलेले कपडे येथे जमिनीवर मांडून बसतात. अंधारात विजेरीचे झोत फिरत असतात. खरेदीदार सदरा उचलतो, कॉलरच्या घडीवरून बोट फिरवतो, बाहीचे काठ पाहतो, कापड उजेडासमोर धरून ते कोठे विरले आहे का हे तपासतो आणि मगच भाव बोलतो. बोलणे थोडे, हातच अधिक बोलतो. या बाजारात कोणी माल वाखाणत बसत नाही, कारण माल समोर आहे आणि तपासणारा जाणता आहे.

येथून वाटा फुटतात. धडके सदरे आणि पँटी धुऊन, बटणे लावून, प्रसंगी पुन्हा रंगवून आणि इस्त्री करून आठवडी बाजारांत जातात व कष्टकऱ्यांच्या अंगावर चढतात. जरीकाठी आणि नक्षीदार साड्यांच्या उशा, पिशव्या, घागरे होतात. पांढऱ्या सुती कापडाचे तुकडे कारखान्यांत यंत्रे पुसायला जातात. आणि ज्या लोकरी किंवा मिश्र कापडाला अंगावर घालणारा कोणीच उरत नाही, त्याचा देशातील मोठा मुक्काम दिल्लीच्या उत्तरेस सुमारे ९० किलोमीटरवर आहे : पानिपत. हे नाव ऐकताच मराठी मनाला १७६१ आठवते. चिंध्यांच्या व्यापाऱ्याला मात्र तेथील गिरण्या आठवतात. परदेशातून येणारे जुने लोकरी कपडेही, पुन्हा घालता येऊ नयेत म्हणून कापून, येथे येतात. बटणे आणि चेन काढून चिंध्या रंगांनुसार वेगळ्या केल्या जातात, म्हणजे नव्याने रंगवण्याचा खर्च वाचतो. मग त्या पिंजून त्यांचे सूत काढले जाते आणि त्या सुताची घोंगडी-ब्लँकेटे होतात.

या जुन्या वाटांना अलीकडे आणखी एक वाट फुटली आहे. ती भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून जाते. दिल्लीच्या सरोजिनीनगरसारख्या बाजारांतून निवडून आणलेला एखादा कोट किंवा सदरा धुऊन, मापे घेऊन, खिडकीच्या उजेडात छायाचित्र काढून तरुण विक्रेते इन्स्टाग्रामवर मांडतात. प्रत्येक नग एकुलता एक. जो आधी मागेल त्याचा. परदेशी ग्राहकांसाठी एट्सीसारखी संकेतस्थळे आहेत. तेथे ‘व्हिंटेज’ म्हणून विकायची वस्तू किमान २० वर्षांची असावी लागते. त्यामुळे कपाटाच्या तळाशी पडून राहिलेल्या साडीचे वयच तिचे मोल ठरते. लिथुआनियाच्या विल्नियस शहरात २००८ साली सुरू झालेल्या व्हिंटेडने वापरलेल्या कपड्यांचा हाच व्यवसाय युरोपभर नेला.

मात्र या नव्या बाजारात एक उणीव आहे. येथे खरेदीदाराचा हात नाही. कॉलरच्या घडीवरून बोट फिरवता येत नाही, कापड उजेडासमोर धरता येत नाही. हाताचे काम शब्दांना करावे लागते, आणि ते शब्द विक्रेत्याचे असतात.

या व्यापाराच्या आरंभीची एक हकिकत यादृष्टीने बोलकी आहे. १९९५ साली अमेरिकेत पिएर ओमिड्यार यांनी लिलावाचे एक संकेतस्थळ सुरू केले. तेच पुढे ‘ईबे’ म्हणून प्रसिद्धीस आले. त्यावर विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर पॉइंटर. तो १४.८३ डॉलरला गेला. वस्तू मोडकी आहे हे ग्राहकाला ठाऊक आहे ना, अशी विचारणा ओमिड्यार यांनी केली, तेव्हा तो ग्राहक मोडके लेझर पॉइंटर जमवणारा निघाला. दोष सांगितल्याने गिऱ्हाईक गेले नाही. ज्याला तीच वस्तू हवी होती, ते गिऱ्हाईक मिळाले. पुढच्याच वर्षी त्या संकेतस्थळावर खरेदीदार-विक्रेत्यांनी एकमेकांविषयी अभिप्राय नोंदवण्याची सोय झाली. पेढीची साक गावात तोंडोतोंडी पसरत असे. ती येथे लेखी झाली.

सचोटीचा हा मुद्दा केवळ नीतीचा नाही, हिशेबाचाही आहे. समजा, एक सदरा ८० रुपयांना घेतला, धुण्या-शिवण्याला ३० रुपये, वेष्टनाला १५ आणि कुरियरला ७५ रुपये लागले. एकूण खर्च २०० रुपये. तो ३५० रुपयांना विकला तर १५० रुपये उरतात. पण काखेतला पिवळा डाग लपवला आणि सदरा परत आला, तर जाण्या-येण्याचे कुरियरचेच १५० रुपये बुडतात, म्हणजे दुसऱ्या एका विक्रीचा सगळा नफा जातो. डागाचे एक जवळून घेतलेले छायाचित्र आणि ‘येथे डाग आहे’ हे तीन शब्द यांना खर्च काहीच नाही.

नोंदणीकृत व्यापाऱ्यासाठी करातही एक सोय आहे. वस्तू व सेवा कराच्या नियम ३२(५) प्रमाणे वापरलेल्या मालाच्या व्यापारात खरेदीवरील कराची वजावट घेतली नसेल, तर विक्री आणि खरेदी किमतींतील फरकावरच कर लागतो. तोट्यात विकले तर त्या नगावर कर नाही. हा फरक काढायचा तर खरेदीची नोंद नगागणिक हवी. येथेही वही स्वच्छ ठेवणाऱ्याचाच लाभ.

अमेरिकेतील पॉशमार्क हे संकेतस्थळ २०२१ मध्ये भारतात आले आणि २०२३ मध्ये परत गेले. अशा संकेतस्थळांवर पैसे मध्यस्थाकडे राहतात आणि माल पोहोचल्यावर विक्रेत्याला मिळतात. इन्स्टाग्राम किंवा व्हॉट्सॲपवर विकणाऱ्या छोट्या विक्रेत्याला हे संरक्षण सहसा नसते. अनोळखी माणूस आधी पैसे पाठवतो तो केवळ शब्दावर विसंबून. तो शब्द एकदा खोटा पडला की दुसऱ्या दिवशी दुकान मांडायला जागा उरत नाही.

या साखळीत एक व्यक्ती मात्र जेथल्या तेथे राहिली आहे. कापड सुती की मिश्र, शिवण मूळची की नंतरची, हे अंधारातही ओळखणारी नजर रघुबीरनगरच्या त्या स्त्रियांकडे आहे. पडद्यावर ३५० रुपयांना जाणारा सदरा गाठोड्यातून प्रथम निवडतात त्याच. त्यांना मिळतो तो पहाटेचा भाव. भांड्यांचे भांडवल त्यांचे, उन्हातली पायपीट त्यांची, आणि माल न खपण्याची जोखीमही त्यांचीच. नव्या व्यापारात उतरणाऱ्या तरुणांनी ही खरेदी थेट त्यांच्याकडून, नगागणिक आणि रास्त भावाने केली, तर सचोटीचा हिशेब दोन्ही टोकांना जुळेल.

ऊन वर येते तसा बाजार पांगतो. न विकलेले कपडे पुन्हा गाठोड्यात जातात. आलेल्या पैशांतून नवी भांडी घेतली जातात, पाटी डोक्यावर चढते आणि पावले पुन्हा वस्तीच्या दिशेने वळतात.