लेफ्टनंट कर्नल टोबी

कुत्र्याने गृहपाठ फाडला, या सबबीवर कुठल्याही देशातला मास्तर विश्वास ठेवत नाही. १९३६च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या एका लेखकाला मात्र हेच कारण आपल्या एजंटबाईंना पत्राने कळवावं लागलं, आणि ते अगदी खरं होतं. लेखक जॉन स्टाइनबेक, एजंट एलिझाबेथ ओटिस, आरोपी टोबी.

टोबी सेटर जातीचं पिल्लू. ही शिकाऱ्यांची जात. गवतात दडलेल्या पक्ष्याचा वास आला की जागच्या जागी थबकायचं आणि बंदूकवाल्याला पक्षी दाखवून द्यायचा, हे तिचं पिढीजात काम. दिवसभर रान तुडवलं तरी न दमणाऱ्या या जातीचं पिल्लू एका रात्री घरात एकटं राहिलं. समोर होती वही.

पुढचं सांगायला नकोच.

पिल्लांना दुधाचे २८ दात असतात. चौथ्या महिन्याच्या सुमाराला ते पडू लागतात आणि त्यांच्या जागी ४२ पक्के दात येतात. त्या काळात हिरड्या अशा शिवशिवतात की चप्पल, टेबलाचा पाय, उशी, काहीही चालतं. दात येऊन गेल्यावरही एकटेपणा आणि रिकामा वेळ यांच्यावर कुत्र्याला सुचणारा उपाय तोच. त्यात कागदासारखी मजा कशातच नाही. पंजाखाली दाबून मान मागे घेतली की टर्रकन फाटतो, आवाज करतो, पुन्हा फाडायला आणखी तुकडे देतो. शिवाय त्याला मालकाच्या हाताचा वास. कुत्रं सूड म्हणून वस्तू फाडतं असं आपण रागाच्या भरात म्हणतो. खरं तर बऱ्याचदा ते मालकाच्या वासापाशीच जाऊन बसलेलं असतं.

स्टाइनबेक हाताने लिहायचा, बारीक अक्षरात. टंकलेखन त्याची बायको कॅरल करायची. या वहीतला मजकूर मात्र दुसरीकडे कुठेच उतरलेला नव्हता. जवळजवळ निम्म्या हस्तलिखिताचा भुगा झाला, म्हणजे दोन महिन्यांचं काम गेलं. तो चिडला, पण टोबीला शिक्षा झाली ती रोजचीच: माश्या मारायच्या फटकाऱ्याचे फटके. पिल्लाने कदाचित समीक्षकाच्या नजरेनेच वही फाडली असेल, असं त्याने पत्रात लिहिलं. जे लिखाण चांगलं आहे की नाही याची आपल्यालाच खात्री नाही, त्यापायी एक चांगला कुत्रा बिघडवायचा नव्हता, हेही लिहिलं. दोन महिने पाण्यात गेलेल्या माणसाचं हे पत्र आहे, हे लक्षात घेतलं की त्या विनोदाची किंमत कळते.

न्यूटनच्या डायमंड नावाच्या कुत्र्याने मेणबत्ती पाडून त्याचे कागद जाळले, ही गोष्ट याहून प्रसिद्ध आहे. पण न्यूटनने कुत्रा पाळला होता की नाही इथूनच शंका आहे. टोबीचा गुन्हा मालकाच्या हस्ताक्षरात नोंदलेला आहे.

ते लिखाण म्हणजे ‘ऑफ माइस अँड मेन’. जॉर्ज आणि लेनी या दोन भटक्या शेतमजुरांची गोष्ट. गंमत अशी की या छोट्या कादंबरीत कुत्र्यांना फार वाईट दिवस आहेत. म्हाताऱ्या कँडीचं दात गेलेलं, वास मारणारं कुत्रं बरोबरचा एक गडी बाहेर नेऊन गोळी घालून मारतो. लेनीला मिळालेलं पिल्लू त्याच्या दांडग्या हाताखालीच मरतं. त्या उन्हाळ्यात स्टाइनबेकने गेलेली पानं पुन्हा लिहून काढली, आणि खरंखुरं पिल्लू फटकाऱ्यावर सुटलं.

पुस्तक १९३७च्या फेब्रुवारीत आलं, ‘बुक ऑफ द मंथ क्लब’ने ते निवडलं आणि बघता बघता लाखावर प्रती खपल्या. त्याच वर्षी नाटकही रंगमंचावर गेलं. दुसऱ्यांदा लिहिताना मजकूर सुधारला का? टोबीचे चाहते हो म्हणतात. तुलनेला पहिली प्रत उरलेली नाही, तेव्हा या प्रश्नात फार शिरू नये हे बरं.

स्टाइनबेकला मात्र ते कौतुक पचेना. असल्या लाटांवर त्याचा भरवसा नव्हता. टोबीने वही फाडली ती सगळं समजूनच की काय, अशी शंका त्याने ओटिसबाईंना कळवली, आणि आपण त्याला बढती दिल्याचंही. नवा हुद्दा लेफ्टनंट कर्नल, खातं साहित्याचं.